पडद्यावरील प्रलय आणि प्रेक्षकांचे हसू

मनुष्यस्वभावातील एक विसंगती आम्हांस पुष्कळ दिवसांपासून विचार करावयास लावीत आली आहे. कोठे पूर आल्याची, धरणीकंप झाल्याची अथवा आग लागल्याची वार्ता सकाळी वर्तमानपत्रात वाचली, म्हणजे आपल्या हातातील चहाचा पेला क्षणभर तसाच राहतो. परंतु तोच मनुष्य सायंकाळी पदरचे पैसे खर्चून चित्रपटगृहात जातो आणि पडद्यावर आख्खे शहर समुद्रात बुडताना पाहून टाळ्या वाजवितो. एवढेच नव्हे, तर पुष्कळदा पोट धरून हसतो. संकटाचे हे प्रदर्शन त्यास प्रिय का व्हावे, आणि प्रिय झाल्यावर त्यासच तो हसतो का, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका साध्या प्रसंगाने. सन २००९ च्या नोव्हेंबर महिन्यात रोलंड एमेरिक या दिग्दर्शकाचा '२०१२' हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला. तो पाहावयास आम्ही व आमचे दोन सहशिक्षक असे मिळून येथील, म्हणजे बडोद्यातील, एका चित्रपटगृहात गेलो होतो. चित्रपटाचा नायक आपल्या कुटुंबास मोटारीत घालून लॉस एंजलिस शहरातून पळत सुटतो. मागे रस्ता खचत येतो, दोन्ही बाजूंस इमारती कोसळतात, पूल माना टाकतात. पण मोटार मात्र सुखरूप पुढे जाते. पुढे हे कुटुंब एका चिमुकल्या विमानात बसते, तो धावपट्टीही पाताळात जाऊ लागते. आणि ती संपूर्ण जाण्याच्या नेमक्या आधीच्या क्षणी विमान उचलते! तो खड्डा जणू नायकाचा वेग मोजूनच त्याच्या मागे धावत होता. मागील रांगेत आमच्याच शाळेचे काही विद्यार्थी बसले होते. त्यांतील एकजण मोठ्याने म्हणाला, "आता हा खड्डाच दमणार!" सारी रांग खिदळली. आम्हीही हसलो, हे येथे मोकळेपणाने कबूल करतो.

आमच्या दोघां सहशिक्षकांपैकी एकजण मात्र हसले नाहीत. मध्यंतराचे दिवे लागताच ते हळूच म्हणाले, "सर, तुम्ही पाहा. मी बाहेर थांबतो." ते उठून गेले, आणि चित्रपट संपल्यावर दाराशी चहा घेऊन उभे असलेले आम्हांस भेटले. तेव्हा आम्हांस आठवण झाली, की सन २००१ च्या जानेवारीत हे गृहस्थ कच्छमध्ये नोकरीस होते. एकच पडदा, एकच खेळ. पण मागील रांगेस त्यात हसू दिसले आणि आमच्या शेजारच्या खुर्चीस दुसरेच काही दिसले. हा फरक कशाने पडला?

प्रथम थोडा इतिहास पाहू. पडद्यावरील संकट हे चित्रपटकलेइतकेच जुने आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. त्यांतील एका चित्रात स्थानकात येणारी आगगाडी होती, आणि दुसऱ्यात एक भिंत पाडली जात होती. म्हणजे हिंदुस्थानात पडदा उजळला त्याच दिवशी त्यावर भिंत कोसळली! ल्युमिए यांच्या खेळांत हेच भिंतीचे चित्र कित्येकदा उलटे फिरवून दाखवीत. मग पडलेली भिंत धुळीतून आपोआप उभी राही, आणि लोक थक्क होत. आगगाडीच्या चित्राविषयी अशी कथा सांगितली जाते, की पॅरिस येथील प्रेक्षक गाडी अंगावर येते असे समजून खुर्च्या टाकून पळाले. अलीकडील संशोधकांस मात्र तत्कालीन वृत्तांतांत या कथेस भक्कम पुरावा मिळालेला नाही. तरीही ती सव्वाशे वर्षे टिकून राहिली, कारण संकट दिसताच जनसमुदाय बुद्धी गमावून सैरावैरा धावतो, असे मानावयास आपल्यास आवडते. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या प्रकारच्या चित्रपटांच्या इतिहासात आमच्या गावाचाही अप्रत्यक्ष संबंध येतो, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. लुई ब्रॉमफील्ड या अमेरिकन कादंबरीकाराने १९३७ साली 'द रेन्स केम' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तीत राणचीपूर नावाचे एक काल्पनिक संस्थान आहे, आणि लेखकाने ते बडोद्यावरून बेतले असे म्हटले जाते. १९३९ साली क्लॅरन्स ब्राऊन यांनी या कथेवर चित्रपट काढला. त्यात भूकंप होतो, धरण फुटते आणि राणचीपूर पुरात बुडते. ऑस्कर पारितोषिकांत विशेष दृश्यपरिणामांसाठी स्वतंत्र पारितोषिक प्रथम ठेवण्यात आले, ते या चित्रपटास मिळाले. 'गॉन विथ द विंड' आणि 'द विझार्ड ऑफ ऑझ' हे त्याच वर्षीचे दोन विख्यात चित्रपट त्यापुढे मागे पडले.

त्या काळी असले पूर कसे आणीत, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस समजण्यासारखे आहे. खरे धरण फोडता येत नाही; म्हणून लहान प्रतिकृती करून तीवर पाणी सोडीत. परंतु नुसत्या प्रतिकृतीने डोळा फसत नाही, आणि त्याचे कारण गुरुत्वाकर्षणात आहे. उंचावरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे १६ फूट खाली येते. सोळा फूट उंचीच्या भिंतीची एक फूट उंचीची प्रतिकृती केली, तर तिच्या माथ्यावरून पडणारा खडा पाव सेकंदातच तळाशी पोहोचेल. म्हणजे प्रतिकृतीतील सारे काही चौपट घाईने घडेल, आणि प्रेक्षकास ते खेळण्यासारखे दिसेल. यावर उपाय असा, की कॅमेरा चौपट वेगाने चालवावयाचा. एरवी सेकंदास २४ चित्रे घेतात तेथे ९६ घ्यावयाची आणि ती २४ च्या गतीने दाखवावयाची. मोजमाप सोळाव्या हिश्शाने घटले, तर वेग सोळाच्या वर्गमुळाने, म्हणजे चारने, वाढवावयाचा. असा हा नियम आहे. पाण्याचा थेंब मात्र कोणत्याही उपायाने सोळापट लहान करता येत नाही. म्हणूनच जुन्या चित्रपटांतील महापुरात कधी कधी भोपळ्याएवढे थेंब उडताना दिसतात, आणि चाणाक्ष प्रेक्षकास तेथेच हसू फुटते.

सन १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत असल्या चित्रपटांचे पीकच आले. १९७२ च्या 'द पोसायडन ॲडव्हेंचर' मध्ये एका प्रचंड लाटेने आगबोट उलटी होते. १९७४ च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो' मध्ये एकशे अडतीस मजली इमारतीस आग लागते. त्याच वर्षीच्या 'अर्थक्वेक' या चित्रपटाने तर भूकंप पडद्यावरून खाली उतरवून प्रेक्षकांच्या खुर्चीपर्यंत आणला. 'सेन्सराउंड' नावाची योजना करून मोठमोठ्या ध्वनिवर्धकांतून इतक्या खालच्या पट्टीचे ध्वनी सोडीत, की ते कानास धड ऐकू येत नसत, पण छातीत व आसनात कंप जाणवे. हॉलीवूडमधील प्रसिद्ध चायनीज थिएटरात छताचा गिलावा सुटून प्रेक्षकांच्या अंगावर पडू नये, म्हणून खाली जाळी बांधावी लागली होती. या साऱ्याची प्रेक्षकांवर भुरळ पडली खरी, परंतु ती फार काळ टिकली नाही. १९७८ साली मधमाश्यांच्या झुंडीचा 'द स्वॉर्म' आणि १९८० साली ज्वालामुखीचा 'व्हेन टाइम रॅन आउट' हे चित्रपट सपशेल पडले, आणि त्याच १९८० साली 'एअरप्लेन!' या विडंबनपटाने विमानातील संकटाची यथेच्छ थट्टा करून पैसा व कीर्ती दोन्ही मिळविली. जो प्रेक्षक १९७४ मध्ये खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता, तोच सहा वर्षांत हसू लागला. संकटे तीच होती, पाहणाराची दृष्टी पालटली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. भीतीत आनंद कसा असू शकतो? या प्रश्नाचा ऊहापोह आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने केला आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक हा एक रस मानला असून भय हा त्याचा स्थायीभाव होय. प्रत्यक्ष जीवनात वाघ समोर आला तर कोणासही रस उत्पन्न होणार नाही; पाय मात्र उत्पन्न होतील! परंतु रंगभूमीवरील भय हे माझे नसते, आणि सर्वस्वी परक्याचेही नसते. ते कोणा एकाचे न राहता सर्वांचे होते. यासच भट्टनायकाने साधारणीकरण म्हटले आहे. आधुनिक मानसशास्त्र हीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगते. पडद्यावर लाट उसळली की आपली छाती धडधडते, तळवे ओले होतात, श्वास जलद होतो. शरीर जणू पळावयास सिद्ध होते. पण आपण खुर्चीवर सुरक्षित आहोत, हे मनास ठाऊक असते. धोक्याची उत्तेजना आहे, पण धोका नाही. या अवस्थेत ती उत्तेजनाच सुखकर होते, आणि संकट टळताच तेवढ्याच जोराचा सुटकेचा आनंद होतो. शिवाय भयाच्या जोडीस विस्मयही असतो. एवढे प्रचंड काही कोसळताना आपण कधी पाहिलेले नसते. आणि विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव आहे. सुसान सोंटाग या अमेरिकन विदुषीने १९६५ साली विज्ञानकथांच्या चित्रपटांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात असेच प्रतिपादन केले होते, की असले चित्रपट वरून विज्ञानाचे भासले तरी त्यांचा खरा विषय विध्वंस हा असतो, आणि विध्वंसाचे सौंदर्य पाहणे हेच त्यांचे आकर्षण.

मग हसू कोठून येते? यासही अभिनवगुप्ताने सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने त्याने सांगितली आहेत. त्यांतील पहिले विघ्न म्हणजे संभाव्यतेचा अभाव. समोर घडणारी गोष्ट घडू शकेल असे ज्यास वाटतच नाही, त्याचे मन तीत रमणार कसे? येथे एक शंका उपस्थित होईल. हनुमंताने समुद्र ओलांडला, ही गोष्ट तरी कोठे संभाव्य आहे? मग आपण कीर्तनात हसत का नाही? अभिनवगुप्ताने हीही शंका सोडविली आहे. असामान्य कृत्ये दाखवावयाची असतील, तर ज्यांचे सामर्थ्य पिढ्यान् पिढ्या लोकांच्या मनात रुजले आहे अशा रामादिकांची कथा घ्यावी, असे तो सांगतो. हनुमंतास उड्डाण शोभते, कारण तो हनुमंत आहे. परंतु '२०१२' मधील नायक हा एक कादंबरीकार असून पोटासाठी मोटार चालविणारा साधा गृहस्थ आहे. त्याने हनुमंताचे उड्डाण केले की औचित्याचा भंग होतो. जेथे भयाचे ठिकाणी भयाचा नुसता आभास उरतो, तेथे हास्य जन्मास येते. मागील रांगेतील आमचा विद्यार्थी अभिनवगुप्त वाचून आला नव्हता. पण "हा खड्डाच दमणार" या त्याच्या उद्गारात तीच समीक्षा होती.

अर्थात सारे हसू एकाच जातीचे नसते. एक हसू सुटकेचे असते. श्वास रोधून बसलेला मनुष्य संकट टळताच नकळत हसतो, तसे. दुसरे हसू परीक्षकाचे असते. 'आम्हांस इतके भोळे समजू नका' असे तो निर्मात्यास सांगत असतो. तिसरे हसू संगतीचे. घरी एकट्याने पाहिल्यास ज्या प्रसंगी ओठही हलणार नाहीत, त्याच प्रसंगी भरल्या चित्रपटगृहात हास्याचा लोट उठतो. कारण हसणे हे मुख्यतः दुसऱ्यास ऐकू जाण्यासाठी असते. भीती वाटली हे मित्रांपासून लपविण्याचा तो एक सोपा मार्गही आहे. मुलगा सर्वांत मोठ्याने हसला म्हणजे तो सर्वांत निर्भय होता, असे समजावयाचे कारण नाही.

प्रेक्षकांच्या वागण्यातील आणखी एक चमत्कार सांगितला पाहिजे. १९९६ च्या 'इंडिपेंडन्स डे' या चित्रपटात ज्वाळांचा लोट बोगद्यातून येत असता एक कुत्रा उडी मारून वाचतो, आणि प्रेक्षक आनंदाने ओरडतात. त्याच क्षणी बाहेर लक्षावधी माणसे जळत आहेत, याचे कोणास काही वाटत नाही. '२०१२' मध्येही एका लहानशा कुत्र्याच्या सुटकेवर अशीच योजना केलेली आहे. पॉल स्लोव्हिक आदी मानसशास्त्रज्ञांनी या प्रवृत्तीचा अभ्यास केला आहे. एका ओळखीच्या जिवासाठी आपले मन कळवळते. संख्या वाढत गेली की कळवळा त्या प्रमाणात वाढत नाही, उलट बधिर होतो. १९६५ च्या 'वक्त' या हिंदी चित्रपटात भूकंप थोडाच वेळ चालतो, पण प्रेक्षक रडतो तो एका कुटुंबाची ताटातूट झाली म्हणून. कुशल निर्मात्यास हे मर्म अवगत असते. अतिरेकी निर्माता मात्र शहरामागून शहरे बुडवीत जातो, आणि प्रेक्षक मक्याच्या लाह्या खात ती मोजीत बसतो.

येथपर्यंत विषय केवळ करमणुकीचा होता. पण खेळ संपल्यावर प्रेक्षक घरी काय घेऊन जातो, हा प्रश्न करमणुकीचा नाही. '२०१२' च्या कथेचा आधार असा होता, की प्राचीन माया लोकांच्या कालगणनेप्रमाणे २१ डिसेंबर २०१२ रोजी जगाचा अंत होणार. वस्तुतः त्या दिवशी कालगणनेचे एक दीर्घ आवर्तन पुरे होऊन दुसरे सुरू व्हावयाचे होते, जसे आपले संवत्सरचक्र साठ वर्षांनी पुन्हा प्रभवापासून सुरू होते. परंतु चित्रपटगृहात हसणाऱ्या जगात न हसणारे लोकही होते. अमेरिकेच्या 'नासा' या अंतराळसंस्थेकडे भेदरलेल्या लोकांची पत्रे येऊ लागली. त्यांत शाळकरी मुलांचीही होती. डेव्हिड मॉरिसन नामक तेथील शास्त्रज्ञांनी या शंकांना उत्तरे देण्याचे काम वर्षानुवर्षे केले. अखेर तो दिवस उजाडला आणि इतर दिवसांप्रमाणेच मावळला.

याच चित्रपटात भारतातील एका खोल तांब्याच्या खाणीत एक भारतीय शास्त्रज्ञ दाखविला आहे. सूर्याकडून आलेले 'न्यूट्रिनो' नावाचे कण पृथ्वीचे पोट तापवीत आहेत, असा शोध तो लावतो. खरे न्यूट्रिनो इतके अलिप्त असतात, की आपल्या अंगठ्याच्या नखातून दर सेकंदास असे अब्जावधी कण आरपार जातात आणि आपल्यास त्याचा पत्ताही लागत नाही. ते पृथ्वी तापविणार कसे? पण आम्हांस खेद वाटतो तो निराळ्या कारणाने. अशी खाण व असे शास्त्रज्ञ भारतात खरोखरच होऊन गेले. कोलार येथील सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा जगात अगदी प्रथम टिपलेल्यांत होत्या. पडद्यावरील खोटी खाण कोट्यवधी लोकांनी पाहिली. खरी खाण आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

चित्रपटाचा परिणाम मोजून पाहण्याचेही प्रयत्न झाले आहेत. २००४ साली याच एमेरिक यांचा 'द डे आफ्टर टुमॉरो' प्रदर्शित झाला. त्यात हवामान बिघडून थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क शहर बर्फाखाली जाते. अमेरिकेत अँथनी लायझरोविट्झ यांनी केलेल्या पाहणीत असे आढळले, की हा चित्रपट पाहिलेल्या लोकांस हवामानबदलाची काळजी इतरांपेक्षा अधिक वाटत होती. इंग्लंडमधील संशोधकांसही प्रेक्षकांची चिंता वाढलेली दिसली, पण त्याबरोबर दोन विचित्र गोष्टी आढळल्या. चित्रपटातील शास्त्र कोणते आणि कल्पना कोणती, हे प्रेक्षकांस निवडून काढता येईना. आणि हवामानबदलामुळे असली टोकाची संकटे खरोखर येतील, हा त्यांचा विश्वास पूर्वीपेक्षा कमीच झाला! अतिशयोक्तीचा दोष हाच. ती घटकाभर घाबरविते, पण मागाहून खऱ्या धोक्यावरीलही विश्वास काढून घेते. लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आपण सर्वांनी वाचलीच आहे.

याहून मोठी हानी एका जुन्या समजुतीने होते. बहुतेक सर्व संकटपटांत जनसमुदाय वेडापिसा होऊन धावतो, एकमेकांस तुडवितो, दुकाने लुटतो. आणि एकटा नायक तेवढा शहाणा असतो. १९६३ साली अमेरिकेत संकटांच्या अभ्यासासाठी एक केंद्र स्थापन झाले. त्याच्या संस्थापकांपैकी एक, समाजशास्त्रज्ञ क्वारंटेली, यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ खऱ्या आपत्तींची पाहणी केली. निष्कर्ष असा निघाला, की खऱ्या संकटात असा वेडाचार क्वचितच होतो. बहुसंख्य लोक शुद्धीवर राहतात, आपल्या माणसांस शोधतात, आणि सरकारी मदत पोहोचण्यापूर्वी शेजारीच शेजाऱ्यास बाहेर काढतो. ल्युमिए यांच्या आगगाडीची ती कथा का टिकून राहिली, हे आता ध्यानात येईल. ही समजूत निरुपद्रवी नाही. कारण 'लोक घाबरतील' या भीतीने अधिकारी इशारा देण्यास कचरले, तर माणसे घाबरून नव्हे, पण न कळल्यामुळे मरतात.

आमच्या बडोद्यास याचा अनुभव दूरचा नाही. २०१९ च्या जुलैअखेरीस अतिवृष्टी होऊन येथे पुराचे पाणी घरांत शिरले. त्या वेळचे एक छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. एक पोलीस अधिकारी गळ्याइतक्या पाण्यातून, एका तान्ह्या बाळास प्लास्टिकच्या टपात घालून, तो टप डोक्यावर घेऊन चालला आहे. पाहणाऱ्या प्रत्येकास वसुदेवाची आठवण झाली. त्या चित्रात इमारत पडत नाही, लाट उसळत नाही; पण ते पाहून कोणास हसू आले नाही. कारण तेथे संभाव्यतेचा प्रश्नच नव्हता. ते घडलेले होते.

तथापि सर्व दोष चित्रपटांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. २०१५ च्या 'सॅन अँड्रियास' मध्ये जमिनीस प्रचंड भेग पडलेली दाखविली आहे. तेथील प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींस घासून सरकतात, त्या अशा फाकत नाहीत; शास्त्रज्ञांनी ही चूक दाखवून दिली. पण भक्कम वस्तूखाली शिरून डोके झाकावे, हा त्यातील उपदेश बरोबर आहे, असेही त्यांनी सांगितले. तसेच २०२० च्या महामारीत काही संशोधकांनी पाहणी केली. भयपट आवडीने पाहणाऱ्या लोकांस मनस्ताप तुलनेने कमी झाला, आणि जगबुडीचे चित्रपट पाहणाऱ्यांची मानसिक तयारीही अधिक होती, असे तीत दिसून आले. अर्थात चित्रपटांमुळे माणसे धीट झाली, की मुळात धीट माणसेच असले चित्रपट पाहतात, हे एवढ्यावरून ठरत नाही. तरीही संकटाची कल्पना आधी करून ठेवणे सर्वस्वी निरुपयोगी नसावे.

त्या चित्रपटानंतर आम्ही नववीच्या वर्गात एक साधा प्रश्न विचारला : "आता या क्षणी धरणीकंप झाला, तर काय कराल?" पुष्कळांनी उत्तर दिले, "जिन्याने खाली पळू." एक म्हणाला, "खिडकीतून उडी मारू." कारण नायक पळतो, आणि पळणारा वाचतो, हेच त्यांनी पाहिले होते. त्या दिवशी आमच्या विनंतीवरून कच्छमध्ये राहून आलेले आमचे तेच सहशिक्षक वर्गावर आले. सिनेमाविषयी ते काहीच बोलले नाहीत. ते म्हणाले, "मुलांनो, खरी भिंत पडते तेव्हा आधी धूळ येते. मग काही दिसत नाही. पडद्यावर सगळे लांबून आणि स्वच्छ दिसते. तेथे आपला हातसुद्धा दिसत नव्हता." मग त्यांनी अंजारची हकीकत सांगितली. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूकंप झाला, तेव्हा तेथील शाळकरी मुले प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीत एका अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर पडली. शंभराहून अधिक मुले आणि त्यांचे शिक्षक त्या ढिगाऱ्याखाली गेले. वर्गात कोणी हालचाल केली नाही. नंतर त्यांनी प्रत्येकास बाकाखाली बसवून पाहिले. पक्क्या इमारतीत असाल तर हादरा चालू असता जिन्याकडे धावू नका. खाली बसा, भक्कम टेबलाखाली डोके व मान झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. हादरा थांबल्यावर रांगेने बाहेर या. बाहेर असाल तर भिंती, गच्च्या व विजेच्या तारा यांपासून दूर मोकळ्या जागी जा. ज्या मुलाने खड्डा दमविला होता, तो त्या दिवशी बाकाखाली सर्वांत अधिक वेळ बसला होता.

विद्यार्थी मित्रांनो, असले चित्रपट पाहू नका असे आम्ही म्हणत नाही. ते पाहा, आणि हसू आले तर मनमोकळेपणाने हसा. अतिरेकास हसणे हे बुद्धी जागी असल्याचे लक्षण आहे. पण घरी येताना स्वतःस तीन प्रश्न विचारीत या. यातील कोणती गोष्ट निसर्गाच्या नियमास धरून होती? पडद्यावरील माणसे जशी वागली, तशी खरी माणसे वागतात काय? आणि हेच माझ्या गावी, माझ्या गल्लीत घडले, तर मी कोणाचा हात धरीन? पहिल्या प्रश्नाने विज्ञान पक्के होईल आणि दुसऱ्याने माणसांवरील विश्वास वाढेल. तिसऱ्याचे उत्तर मात्र चित्रपटगृहात मिळणार नाही. ते आधीच, घरी आईवडिलांशी आणि शाळेत गुरुजनांशी बोलून, ठरवून ठेवावे लागते.

आमचे ते सहशिक्षक आता निवृत्त झाले आहेत. दर वर्षी २६ जानेवारीस ध्वजवंदनासाठी ते शाळेत येतात, आणि मुले मैदानात उभी असता इमारतीच्या भिंतीपासून त्यांची रांग चार पावले पुढे घ्यावयास सांगतात. मुलांस त्याचे कारण ठाऊक आहे, आणि त्या वेळी कोणी हसत नाही.